एसीएलच्या ऑपरेशनमध्ये विरघळणारा स्क्रू: ग्राफ्ट धरून ठेवायला पुरेसा मजबूत असतो का? (सांगली-मिरज)

वाळव्याचा_रेडर

मंडळी, नमस्कार. माझा चुलतभाऊ, वय २१, कबड्डी खेळतो. चढाईत वळताना उजवा गुडघा फिरला, कट्ट असा आवाज आला आणि संध्याकाळपर्यंत गुडघा टम्म सुजला. गावात लेप झाला, मालीश झालं, सूज उतरली आणि हा परत मैदानात. आता सरळ रस्त्यानं नीट चालतो, पण बांधावरून उतरताना किंवा एकदम वळताना गुडघा दगा देतो. मिरजेत एमआरआय केला. एसीएल (गुडघ्याच्या आतलं लिगामेंट) पूर्ण तुटलंय, आतली गादीही एका कडेला फाटलीय.

डॉक्टरांनी दुर्बिणीतून ऑपरेशन सांगितलंय. मांडीच्या मागच्या दोन शिरा (हॅमस्ट्रिंगच्या) काढून त्यांचा ग्राफ्ट, म्हणजे बदली लिगामेंट, करायचा. वर मांडीच्या हाडाला बटण आणि खाली नडगीच्या हाडात स्क्रू. स्क्रूचे दोन पर्याय दिलेत, टायटॅनियम किंवा शरीरात विरघळणारा. विरघळणारा महाग आहे. चुलते म्हणतात, महाग तेच घालू, द्राक्षाचे पैसे हातात आहेत तोवर उरकून टाकू. चुलती म्हणते, लोखंडच घाला, ते तरी टिकेल.

मला कळत नाही ते एवढंच: जो स्क्रू विरघळून जाणार, त्याच्या भरवशावर ग्राफ्ट कसा टिकणार? स्क्रू गेला की ग्राफ्ट सुटणार नाही का? ऑपरेशन पुढच्या महिन्यात आहे. ज्यांना यातलं कळतं त्यांनी जरा सविस्तर लिहा, ही विनंती.

तालीम_कुंडल

भावा, आमच्या तालमीतल्या एका पोराला टायटॅनियमचा टाकलाय. पोरगं आता मैदान मारतंय. दुसऱ्या एकाला पण तसलाच टाकलेला, त्यानं चौथ्या महिन्यात मातीत पाय ठेवला आणि परत लिगामेंट घालवून बसला. स्क्रू दोघांचा एकच होता. मला शास्त्र कळत नाही, पण एवढं डोळ्यानं बघितलंय.

यंत्रशाळा

वाळव्याचा_रेडर, प्रश्न अगदी नेमका विचारलात. मी डॉक्टर नाही, यंत्र अभियंता आहे. धाकट्या बहिणीचं हेच ऑपरेशन झालं तेव्हा या स्क्रूंच्या चाचण्यांवरचं हाती लागेल ते वाचून काढलं होतं. लांबतंय, पण नीट लिहितो.

आधी हा स्क्रू करतो काय? नडगीच्या हाडात साधारण ८-९ मिमीचा बोगदा पाडतात, त्यातून ग्राफ्ट ओढून ताणून धरतात आणि मग ग्राफ्ट नि बोगद्याची भिंत यांच्या मधल्या फटीत स्क्रू पिळत नेतात. कुऱ्हाडीच्या दांड्यात पाचर ठोकतात, तेच काम. ग्राफ्टला कुठंही भोक पडत नाही. तो भिंतीवर दाबला जातो आणि घर्षणावर टिकतो. म्हणून या स्क्रूला इंटरफिअरन्स स्क्रू म्हणतात. १९८७ साली कुरोसाका आणि सहकाऱ्यांनी हाडाच्या तुकड्यासकट घेतलेले ग्राफ्ट वेगवेगळ्या पद्धतींनी बसवून ओढून बघितले. त्यात ९ मिमीचा जाड स्क्रू ६.५ मिमीच्या बारीक स्क्रूपेक्षा भारी ठरला. म्हणजे पकड ठरते ती व्यास, लांबी, हाडाचा घट्टपणा आणि बोगद्यात फट किती उरली यावर. स्क्रू धातूचा की पॉलिमरचा (प्लास्टिकच्या जातीचा) हा मुद्दा या सगळ्यांच्या मागून येतो.

आता आकडे. तरुण माणसाचं मूळ एसीएल तुटायला सुमारे २१६० न्यूटन लागतात, म्हणजे साधारण २२० किलोचा ओढा. हॅमस्ट्रिंगचा चार पदरी ग्राफ्ट ४००० न्यूटनच्याही वर जातो. म्हणजे ग्राफ्ट मूळ लिगामेंटपेक्षा मजबूत. कमकुवत जागा आहे ती ग्राफ्ट हाडाला जिथं बांधलाय तिथं. २००३ साली फिनलंडच्या एका गटानं माणसाचे हॅमस्ट्रिंग डुकराच्या नडगीत सहा वेगवेगळ्या साधनांनी बसवून एका दमात ओढून काढले. विरघळणारे दोन स्क्रू ६१२ आणि ६६५ न्यूटनला सुटले, धातूचा स्क्रू ४७१ ला. सर्वांत भारी निघालं ते कवच आणि त्यात शिरणारा निमुळता स्क्रू असं जोडसाधन, १३३२ न्यूटन. रोजच्या चालण्या-फिरण्यात एसीएलवर येणारा भार साधारण ४५० न्यूटन धरतात.

डुकराचं हाड माणसाच्या हाडापेक्षा घट्ट असतं, त्यामुळं हे आकडे जसेच्या तसे तुमच्या भावाला लावू नका. पण एक गोष्ट त्यातून स्पष्ट होते. विरघळणारा म्हणजे पहिल्या दिवसापासून कच्चा, हा समज चुकीचा आहे. १९९८ मध्ये जर्मनीतल्या वायलर यांच्या गटानंही विरघळणाऱ्या स्क्रूंची पकड टायटॅनियमच्या तोडीची असल्याचं दाखवलं होतं.

वाळव्याचा_रेडर

सर, फार मोलाचं लिहिलंत. पण हे पहिल्या दिवसाचं झालं. विरघळायला लागल्यावर काय?

यंत्रशाळा

तेच लिहायला बसलो होतो.

विरघळणारा हा एकच पदार्थ नाही, आणि बिलावर नुसतं 'बायो स्क्रू' लिहिलेलं असतं त्यातून काहीच कळत नाही. सुरुवातीला पीजीए नावाचं पॉलिमर वापरायचे. ते काही आठवड्यांतच ताकद सोडतं आणि आजूबाजूला जंतूंशिवायच सूज, पाणी असा त्रास झाल्याच्या नोंदी बऱ्याच आहेत. दुसऱ्या टोकाला पीएलएलए हे पॉलिमर. ते इतकं हळू जातं की काही वर्षांनीही एमआरआयमध्ये स्क्रूचे आटे दिसतात. या दोन टोकांच्या मधली मिश्रणं आहेत. हल्ली बहुतेक ठिकाणी पॉलिमरमध्ये ट्रायकॅल्शियम फॉस्फेट किंवा हायड्रॉक्सिअ‍ॅपेटाइट घातलेले स्क्रू येतात, त्यांना बायोकंपोझिट म्हणतात.

हे सगळे पाण्यानंच तुटतात. ओलावा आत शिरतो, लांब साखळ्यांचे तुकडे पडत जातात, शेवटी लॅक्टिक आम्ल (पीजीएमधून ग्लायकोलिक आम्ल) उरतं आणि शरीर त्याचं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड करून टाकतं. यात लक्षात ठेवायचं ते असं, की ताकद आधी जाते आणि आकार नंतर. एक्स-रे किंवा एमआरआयमध्ये स्क्रू दिसतोय म्हणजे तो पहिल्यासारखा दाबून धरतोय, असं नाही.

मग ग्राफ्ट सुटत कसा नाही? कारण तोवर हाडानं ग्राफ्टला धरलेलं असतं. १९९३ साली रोडिओ आणि सहकाऱ्यांनी कुत्र्यांवर प्रयोग केला. पहिल्या काही आठवड्यांत ओढलं की शीर बोगद्यातून निसटायची. १२ आठवड्यांनी ओढली तेव्हा ती बोगद्यात घट्ट राहिली आणि दुसरीकडे तुटली. तेव्हा स्क्रूची परीक्षा आहे ती या पहिल्या तीनेक महिन्यांची. आजच्या पीएलएलए किंवा बायोकंपोझिट स्क्रूला तेवढी मुदत काढता येते. पुढं तो गेला काय, राहिला काय, पकडीच्या दृष्टीनं फरक पडत नाही.

तासगावची_बाग

मला हे पटत नाही. काही झालं तरी प्लास्टिकच ते. आमच्या ओळखीत एकाच्या ऑपरेशनमध्ये बसवतानाच स्क्रू मोडला, मग दुसरा घातला, आणि बिलात दोन्ही लावले. मोडका स्क्रू पेशंटच्या माथी का? असल्या गोष्टी कुणी आधी सांगत नाही.

यंत्रशाळा

तुमची तक्रार रास्त आहे आणि स्क्रू मोडण्याचा मुद्दाही खरा आहे. टायटॅनियमच्या मिश्रधातूचा ताठपणा सुमारे ११० गिगापास्कल. हाडाच्या कठीण थराचा १५-२०. पीएलएलएचा ३ ते ४. ओढायच्या चाचणीत हा फरक फारसा दिसत नाही, कारण तिथं हाड आणि ग्राफ्ट आधी हार मानतात. पण पिळताना दिसतो. स्क्रू मधून पोकळ असतो, तारेवरून आत सरकवतात. पाना स्क्रूच्या पूर्ण लांबीत शिरलेला नसेल किंवा हाड फार कठीण असेल, तर पॉलिमर पीळ सहन करू शकत नाही आणि डोकं किंवा टोक मोडतं. कबड्डी खेळणाऱ्या २१ वर्षांच्या पोराचं हाड चांगलंच कठीण असणार. म्हणजे त्याला पकडीची चिंता कमी आणि बसवताना काळजी जास्त. अशा वेळी आधी टॅप फिरवून आटे पाडून घेतात. डॉक्टरांना हे थेट विचारा, त्यात संकोच कसला?

२०१६ मध्ये कॉक्रेननं (वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासणारी संस्था) धातूच्या आणि विरघळणाऱ्या स्क्रूंची तुलना करणाऱ्या चाचण्या एकत्र तपासल्या होत्या. गुडघा कसा वाटतो, किती काम करता येतं, यात रुग्णांच्या सांगण्यात म्हणावा असा फरक दिसला नाही. स्क्रू मोडणं वगैरे धरून एकूण बिघाड मात्र विरघळणाऱ्यांत जास्त दिसले. पुरावा कच्चा आहे, हेही त्यांनीच नोंदवलं. त्यामुळं 'महाग तेच चांगलं' या चुलत्यांच्या हिशेबाला माझा पाठिंबा नाही.

पाटी_पेन्सिल

मी शिक्षिका आहे, सांगलीतच. माझ्या गुडघ्यात विरघळणारा स्क्रू आहे, म्हणजे होता. ऑपरेशन उत्तम झालं, ग्राफ्ट आजही घट्ट आहे, शाळेचे तीन जिने रोज चढते. पण दोनेक वर्षांनी नडगीवर, जिथं ग्राफ्ट काढायची चीर असते, तिथं सुपारीएवढी गाठ आली. दुखत नव्हती, पण जमिनीवर गुडघे टेकून बसलं की टोचायची. एमआरआय केला तर बोगद्याच्या तोंडाशी पाण्याची गाठ, आत स्क्रूचे अर्धवट विरघळलेले तुकडे. छोट्या ऑपरेशननं साफ केली. तुकडे मला डबीत दाखवले, भिजलेल्या खडूसारखे पांढरे, चिमटीत धरले की भुगा होत होता.

गुडघ्याच्या घट्टपणावर काही परिणाम झाला नाही. पण अशी गाठ येऊ शकते हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून इथं लिहून ठेवते. घाबरू नका, सगळ्यांना येत नाही.

वाळव्याचा_रेडर

ताई, बरं केलंत सांगितलंत. मग टायटॅनियमच बरा का? आयुष्यभर आत राहिला तर त्रास नाही ना?

विट्याचा_विणकर

माझ्या गुडघ्यात टायटॅनियम आहे, काही त्रास नाही. मध्यंतरी दुसऱ्या कारणानं त्याच गुडघ्याचा एमआरआय काढावा लागला. स्क्रूच्या भोवती काळा डाग आला आणि तेवढ्या भागातलं नीट दिसलं नाही. बाकी गुडघा वाचता आला. धातू असला की एमआरआय होतच नाही असं गावात सांगतात, ते टायटॅनियमच्या बाबतीत मनावर घेऊ नका.

मिरजकर_फिजिओ

धागा फार चांगला चालला आहे. मी फिजिओथेरपिस्ट आहे, असे गुडघे रोज हाताखालून जातात. यंत्रशाळा यांनी ताकदीचं गणित छान मांडलंय, त्याला दुसरी बाजू जोडते.

टायटॅनियमची खरी अडचण येते ती ग्राफ्ट पुन्हा तुटला तर. जुना स्क्रू वाटेत असला की आधी तो काढायचा, मग त्याची पोकळी भरायची, मग नवा बोगदा. विरघळणाऱ्यात वाटलं होतं की तिथं हाड भरून येईल आणि काम सोपं होईल. प्रत्यक्षात पॉलिमरचा स्क्रू गेल्यावर तिथं नेहमी हाड भरतंच असं नाही, कधी कधी बोगदाच रुंद झालेला दिसतो. कॅल्शियमची भर घातलेल्या स्क्रूंमध्ये हाड भरण्याची शक्यता जास्त असते. तेव्हा विरघळणारा घ्यायचाच असेल तर बायोकंपोझिट आहे का, एवढं तरी विचारा.

आता माझ्या कामाचं. खाली नडगीत स्क्रू असला की तीच जागा सर्वांत नाजूक समजून मी पहिले तीन महिने काम घेते. तिथलं हाड मांडीच्या हाडापेक्षा पोकळ असतं आणि ग्राफ्टचा ओढा बोगद्याच्या सरळ रेषेत येतो. एका झटक्यात निसटण्यापेक्षा हजारो छोट्या ओढ्यांनी ग्राफ्ट मिलिमीटर-मिलिमीटरनं सरकणं जास्त होतं. बाहेरून कळत नाही, पण गुडघा ढिला राहतो. म्हणून सुरुवातीला वजन बांधून पाय पूर्ण सरळ करायचा व्यायाम आम्ही देत नाही. पाय टेकवून करायचे व्यायाम आधी. गुडघा पूर्ण सरळ होणं मात्र पहिल्या दिवसापासून हवं, त्यात हयगय नको. गादीला टाका घातला असेल तर उकिडवं बसणं, मांडी घालणं बरेच आठवडे बंद. घरात भारतीय पद्धतीचा संडास असेल तर खुर्चीची सोय ऑपरेशनच्या आधी करून ठेवा. घरोघरी नेमकं हेच राहून जातं आणि मग चौथ्या-पाचव्या दिवशी धावपळ होते.

आणि स्क्रूचा काळ संपला की ग्राफ्टचा सुरू होतो. हाडात रुजताना तो आतून मऊ पडतो, नवीन रक्तवाहिन्या येतात, मग हळूहळू लिगामेंटसारखा होतो. गंमत अशी की पोराला तिसऱ्या-चौथ्या महिन्यात अगदी बरं वाटायला लागतं. दिवाळीनंतर गावोगावी यात्रा, मैदानं सुरू होतात आणि 'एक चढाई तर करतो' असं म्हणून जातात. तालीम_कुंडल यांनी सांगितलेला दुसरा पोरगा तोच. २०१६ च्या नॉर्वेतल्या अभ्यासात दिसलं की ९ महिन्यांपर्यंत खेळ जितका पुढं ढकलाल, तितका दर महिन्याला पुन्हा दुखापतीचा धोका जवळपास निम्म्यानं उतरतो. मी ९ महिन्यांच्या आत, आणि पुढच्या मांडीची ताकद चांगल्या पायाच्या ९० टक्के झाल्याशिवाय, कुणालाही कबड्डीला सोडत नाही. पालक रागावले तरी चालतात.

तालीम_कुंडल

ताई म्हणत्यात ते शंभर टक्के. आमच्या वस्तादांना हे वाचून दाखवणार आहे.

सातारी_कंदी

पीक नावाचा पण एक स्क्रू असतो ना? माझ्या मेहुण्याला साताऱ्यात तो सुचवला होता. तो विरघळतो का?

यंत्रशाळा

नाही. पीक हे पॉलिमरच आहे पण विरघळत नाही, कायम राहतं. एमआरआयमध्ये धातूसारखा डाग येत नाही आणि पुन्हा ऑपरेशन करायची वेळ आली तर ड्रिलनं कोरून काढता येतं. पकड स्क्रू म्हणून साधारण तीच.

एक गोष्ट राहिली होती, जी मला अभियंता म्हणून फार महत्त्वाची वाटते. विरघळणारा स्क्रू ओलाव्यानं आणि उष्णतेनं खराब होतो. म्हणूनच तो फॉइलच्या पाकिटात बंद येतो, त्यावर साठवणुकीचं कमाल तापमान आणि मुदत छापलेली असते. पीएलएलए साठ अंशांच्या पुढं मऊ पडायला लागतं. सांगलीतल्या मे महिन्यात उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीच्या डिकीत पारा किती चढतो, ते सांगायला नको. लहान हॉस्पिटलात सेट ऑपरेशनच्या दिवशी पुरवठादाराचा माणूस घेऊन येतो. तो कुठून, कसा आला, कुठं ठेवला होता, हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. पाकिटावरचं स्टिकर फाइलमध्ये चिकटवायला सांगा. त्यावर पदार्थ, व्यास × लांबी, बॅच आणि मुदत असते. उद्या पाटी_पेन्सिल ताईंसारखी गाठ आली किंवा ग्राफ्ट परत करायची वेळ आली तर दुसऱ्या डॉक्टरांना आत काय आहे ते त्या एका स्टिकरवरून कळतं. तासगावची_बाग, बिलात दोन स्क्रू लावलेत का, तेही त्या स्टिकरांवरूनच तपासता येतं.

तासगावची_बाग

हे माहीत नव्हतं. फाइल काढून बघायला सांगतो त्यांना.

वाळव्याचा_रेडर

काल भावाला घेऊन डॉक्टरांकडं जाऊन आलो. इथले सगळे प्रश्न वहीत लिहून नेले होते. डॉक्टर रागावतील असं वाटत होतं, पण त्यांनी शांतपणे सगळं सांगितलं, वर हाडाचं मॉडेल काढून दाखवलं.

त्यांचं म्हणणं असं. ग्राफ्ट किती जाड निघतो त्यावर बोगदा ठरणार, आणि स्क्रू बोगद्याएवढा किंवा १ मिमीनं मोठा घालणार. ग्राफ्टच्या टोकाचे धागे बोगद्याच्या बाहेर नडगीवर वेगळे बांधणार, म्हणजे स्क्रू थोडा ढिला पडला तरी दुसरा आधार राहील. स्क्रूच्या प्रकारावर त्यांचा हट्ट नाही. पोर तरुण आहे, खेळणार आहे, पुन्हा दुखापत झालीच तर मध्ये धातू नको म्हणून त्यांचा कल बायोकंपोझिटकडं आहे, पण टायटॅनियम घातला तरी गुडघा तेवढाच चांगला होईल, असं स्पष्ट बोलले. मोडला तर त्याचा खर्च आमच्याकडून घेणार नाहीत, हेही विचारून घेतलं.

घरी चर्चा होऊन टायटॅनियम ठरलाय. वाचलेले पैसे फिजिओसाठी बाजूला काढलेत, कारण वाळव्याहून मिरजेला आठवड्यातून तीनदा यायचं म्हणजे गाडीभाडंच बरंच होतं. चुलते आधी नाराज होते, पण मिरजकर_फिजिओ ताईंचा प्रतिसाद वाचून दाखवल्यावर तयार झाले. संडासात खुर्ची बसवायला गवंडी उद्या येतोय.

मिरजकर_फिजिओ

चांगला निर्णय आहे. ऑपरेशनला महिना आहे ना? मग आजपासूनच सुरू करा. टाचेखाली घडी केलेला टॉवेल ठेवून गुडघा पूर्ण सरळ करायचा, मांडीचा पुढचा स्नायू दहा मोजेपर्यंत आवळून धरायचा आणि सोडायचा, दिवसातून पाच-सहा वेळा. सूज असेल तर आधी बर्फ. गुडघा पूर्ण सरळ होत नसेल किंवा मध्येच अडकत असेल तर तारखेची वाट न बघता डॉक्टरांना फोन करा, गादीचा फाटलेला तुकडा मध्ये आलेला असू शकतो. आणि तोवर मैदानाकडं फिरकायचं नाही, नुसतं बघायलासुद्धा नको, मी ओळखते कबड्डीच्या पोरांना.